चार फुटांखालचं झाड

नाताळच्या आधीच्या आठवड्यात कितीतरी घरांत एक काम गुपचूप उरकलं जातं. संध्याकाळी पोराला हाताशी घेऊन ख्रिसमसचं झाड सजवून झालेलं असतं, त्याचं कौतुक करून झालेलं असतं, फोटोही निघालेले असतात. मग पोर झोपतं आणि आई नाहीतर बाबा झाडाकडे वळतात. एकाच फांदीला लोंबणारे सगळे लाल गोळे सोडवून चहूकडे वाटले जातात. उलटी टांगलेली घंटा सुलटी होते. बालवाडीत केलेली, डिंकाने चिकटलेली कागदी चांदणी भिंतीकडच्या बाजूला जाते. सकाळी झाड कसं नीटनेटकं दिसतं, आणि पोराला काय कळतंय, असं आपण धरून चालतो.

हे बंद करावं, एवढंच मला म्हणायचं आहे. लहान मुलाने सजवलेलं झाड लहान मुलाने सजवल्यासारखंच दिसू द्यावं.

हा काय लेख लिहायचा विषय झाला, असं कुणी म्हणेल. घर ज्याचं त्याचं, पोर ज्याचं त्याचं. पण हे झाड आता घरापुरतं राहिलेलं नाही. ते सोसायटीच्या लॉबीत आहे, शाळेच्या व्हरांड्यात आहे, चर्चच्या आवारात आहे, आणि मॉलमध्ये तर पार दोन-तीन मजले चढून गेलं आहे. यातल्या बऱ्याच झाडांभोवती दोरी असते नाहीतर 'हात लावू नये' अशी पाटी. ज्या मुलांच्या नावाने हा सगळा थाट मांडला, ती दोरीबाहेर उभी राहून फोटो काढून घेतात. घरात दोरी बांधता येत नाही, म्हणून आपण पोर झोपायची वाट बघतो. वृत्ती एकच.

आता, परंपरा माझ्या बाजूची आहे असं मुळीच नाही. उलट मुलांना झाडापासून लांब ठेवण्याची रीत चांगली जुनी आहे. स्ट्रासबुर्ग शहरातली 1605 सालची एक नोंद नेहमी सांगितली जाते. लोक घरात सूचीपर्णी झाडं उभी करत आणि त्यांना रंगीत कागदाची गुलाबं, सफरचंदं, पातळ बिस्किटं, सोनेरी वर्ख आणि साखरेच्या वस्तू टांगत. बहुतेक सगळी सजावट खाण्याजोगी; म्हणजे ती शेवटी कुणाच्या पोटात जात असेल ते सांगायला नको. पण पुढे जर्मन मध्यमवर्गीय घरांत जी पद्धत रुजली ती वेगळी. दिवाणखान्याचं दार बंद करून आईवडील झाड सजवत. मुलं बाहेर ताटकळत. 24 डिसेंबरच्या संध्याकाळी घंटी वाजली की दार उघडायचं आणि मुलांनी डोळे विस्फारून बघायचं. इंग्लंडच्या राणी शार्लटने 1800 साली विंडसरला मुलांसाठी झाड उभारलं, तेव्हाही मुलांना त्याच्याभोवती फिरवून भेटी दिल्या. आणि 1848 साली व्हिक्टोरिया राणी आणि तिचा नवरा आल्बर्ट यांच्या कुटुंबाचं जे चित्र लंडनच्या सचित्र साप्ताहिकात छापून आलं, ज्याने हे झाड इंग्रजी घराघरांत आणि थोड्याफार बदलांनी अमेरिकेत नेलं, त्यातही झाड टेबलावर आहे आणि मुलं भोवती उभी राहून बघताहेत. सजवायचं मोठ्यांनी, मुलांनी बघायचं, हे त्या चित्रातून सगळीकडे गेलं.

त्याला कारण मात्र चांगलं भक्कम होतं: आग. फांद्याफांद्यांवर खऱ्या मेणबत्त्या पेटत होत्या आणि झाड तोडून आणलेलं, दिवसागणिक वाळत चाललेलं. पाण्याची बादली जवळ ठेवूनच हा सोहळा व्हायचा. अशा ठिकाणी चार वर्षांच्या पोराला कुठली आई जाऊ देईल? एडिसनच्या कंपनीतल्या एडवर्ड जॉन्सनने 1882 साली न्यूयॉर्कमधल्या आपल्या घरच्या झाडावर विजेचे दिवे लावले. लाल, पांढरे, निळे मिळून 80. सामान्य घरांत ते पोचायला आणखी काही दशकं गेली, पण हळूहळू मेणबत्ती झाडावरून उतरली. आता घरात येते ती बहुधा एलईडीची माळ, हाताला गरमसुद्धा लागत नाही. मुलांना लांब ठेवायचं जे खरं कारण होतं ते गेलं. मग दोरी का राहिली? माझ्या मते कॅमेऱ्यामुळे. पूर्वी झाड मुलांना दाखवायला सजायचं, आता ते फोटोत दिसायला सजतं, आणि फोटोत गिचमीड चालत नाही.

काचेच्या गोळ्यांचा इतिहासही पाहण्यासारखा आहे. जर्मनीतल्या थुरिंगियामधलं लाउशा हे काच फुंकणाऱ्यांचं गाव. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तिथे झाडाला टांगायचे पोकळ, चकचकीत गोळे होऊ लागले आणि 1880 नंतर वुलवर्थने ते अमेरिकेत आपल्या स्वस्त मालाच्या दुकानांतून खपवले. हा घरगुती धंदा होता. बाप काच फुंकायचा, आतून चांदीचा मुलामा देणं, रंगवणं, बांधाबांध करणं यात बायकोमुलं राबायची. म्हणजे एका गावातल्या मुलांनी रात्र रात्र बसून रंगवायचं आणि दुसऱ्या देशातल्या मुलांनी त्याला बोटही लावायचं नाही! त्यापेक्षा स्वीडनची रीत मला बरी वाटते. तिथे जानेवारीच्या 13 तारखेच्या सुमाराला मुलं जमतात, झाडाभोवती नाचतात, त्यावरचा खाऊ लुटतात आणि मग झाड घराबाहेर काढतात. निदान मोडायचा हक्क तरी मुलांचा.

मी वसईची. आम्हा ख्रिस्ती घरांत नाताळचा खरा मान गोठ्याचा, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्याचा. संत फ्रान्सिसने 1223 साली इटलीतल्या ग्रेच्चो गावात पहिला जिवंत देखावा उभा केला, तेव्हापासूनची ही परंपरा. झाडाची गोष्ट अलीकडची. रोममध्ये सेंट पीटर्सच्या चौकातसुद्धा झाड पहिल्यांदा उभं राहिलं ते 1982 साली, पोप जॉन पॉल दुसरे यांच्या काळात. त्यामुळे कुणी धर्मपरंपरेचा हवाला देऊन झाड असंच हवं न् तसंच हवं म्हणायला लागलं की मला गंमत वाटते. माझ्या लहानपणी झाड म्हणजे किनाऱ्याकडून आणलेली सुरूची फांदी. वाळू भरलेल्या तेलाच्या डब्यात ती रोवायची, डब्याला रंगीत कागद गुंडाळायचा आणि फांदीवर कापूस पिंजून टाकायचा. दुपारी घामाच्या धारा लागणाऱ्या गावात आम्ही बर्फ कशासाठी पाडत होतो, असं विचारायचं तेव्हा कुणाला सुचलं नाही. गोठ्याचं काम तर आम्हा पोरांकडेच असे. आगमनकाळ, म्हणजे नाताळाआधीचे चार आठवडे, सुरू झाला की नाचणी नाहीतर गहू पसरट थाळीत पेरायचे, रोज पाणी शिंपडायचं, नाताळपर्यंत बोटभर हिरवळ उगवायची. पेंढा, दगड, माती, भिंतीवरचं शेवाळ, सगळं गोळा करायचं. मेंढ्या गव्हाणीपेक्षा मोठ्या असायच्या, एखादा प्लास्टिकचा वाघही मेंढपाळाशेजारी उभा असायचा. चर्चमधल्या मिस्साहून, म्हणजे उपासनेहून, घरी आलेले पाहुणे तो वाघ बघून हसायचे, पण उचलून कुणी बाजूला केल्याचं आठवत नाही.

आताची आमच्या घरातली गोष्ट. माझी नात साडेतीन वर्षांची आहे. झाड घडीचं, प्लास्टिकचं, सहा फुटी. तिच्या आईने खोका उघडून गोळे तिच्यापुढे मांडले. गोळ्याच्या वरची तार वाकवून ती फांदीत अडकवायची म्हणजे एका हाताने फांदी धरायची आणि दुसऱ्याने तार. हे तिला जमेना. दोन गोळे घरंगळून सोफ्याखाली गेले. ती उठली, मागच्या पडवीत गेली आणि कपडे वाळत घालायचे चिमटे ओंजळभर घेऊन आली. निळे, पिवळे, गुलाबी. चिमटा दाबायला तिला येतो, आईला कपडे वाळत घालताना ती रोज देते. मग ती आणि झाड. एक चिमटा, त्यात कागदाचा बेगड. दुसरा चिमटा, त्यात मामाचा मोजा. तिसरा नुसताच चिमटा. सगळे एकाच ठिकाणी, तिच्या नाकासमोरच्या दोन फांद्यांवर, कारण ती जिथे उभी राहते तिथून झाडाची ती पुढची बाजू. आपण सोफ्यावर बसून झाड बघतो आणि म्हणतो, सगळं एकीकडे झालं. तिच्या जागेवरून बघितलं तर बरोबर मधोमध आहे.

हे चिमटे रात्री काढले असते तर काय बिघडलं असतं, असं तिच्या बापाने विचारलं. मुलगा माझा, प्रश्नही रास्त. बिघडतं ते सकाळी. आपण कुठे काय लावलं ते मुलाच्या पक्कं लक्षात असतं. ज्याने कधी मुलाची मांडलेली भातुकली आवरली आहे त्याला हे सांगायला नको. ते मूल उठून थेट आपल्या फांदीपाशी जातं आणि विचारतं, माझं कुठे गेलं? मग आपण थापा मारतो. परी आली होती, वाऱ्याने हललं, सांताक्लॉजने नीट केलं. त्या थापेतून मुलाला बरोबर समजतं ते हे की त्याचं काम नीट नव्हतं, आणि मोठी माणसं तोंडावर टाळ्या वाजवून पाठीमागे ते पुसून टाकतात. वाईट लावलं आहेस असं तोंडावर सांगणं मला यापेक्षा बरं वाटतं. निदान त्यावर भांडता तरी येतं.

मोठ्यांनाही सुंदर झाडाची हौस असते, ती का मारायची, हा आक्षेप मला मान्य आहे. वर्षभर राबणाऱ्या बाईने एक कोपरा मनासारखा सजवला तर तिच्यावर मुलांच्या विकासाचं ओझं कशाला टाकायचं? पण झाड उंच असतं. चार वर्षांच्या मुलाचा हात टाचा उंचावून फार तर चार फुटांपर्यंत पोचतो. वरचं सगळं आईचं, आजीचं, रंगसंगतीचं. खालचं मुलाचं, आणि तिथे मोठ्यांनी हात घालायचा नाही. आजीच्या काळचे काचेचे गोळे, कुणी परदेशातून आणलेली नाजूक चांदणी, हे आपोआप वर जातं आणि खाली फुटण्याजोगं काही उरतच नाही.

काळजीचं बोलायचं तर दोन गोष्टींत मी अजिबात सूट देणार नाही. गाणं म्हणणाऱ्या किंवा लुकलुकणाऱ्या स्वस्त खेळण्यांत बटणासारख्या चपट्या बॅटऱ्या असतात. मुलाने ती गिळली आणि अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांतही आतून गंभीर भाजतं. अशी खेळणी स्क्रूने बंद केलेली नसतील तर घरात आणूच नयेत. आणि दिव्यांची माळ थेट प्लगात जाणारी असेल तर ती लावणं, काढणं, पिन घालणं हे मोठ्यांचंच काम. बाकी पडझड, फुटतूट, चिकटाचिकटी याला मी धोका म्हणणार नाही. तो केर आहे, झाडूने निघतो.

दिवाळीतल्या किल्ल्याचं उदाहरण सगळ्या मराठी घरांना कळेल. माती कालवून, गोणपाट टाकून, अळीव पेरून पोरं किल्ला करत आणि तो कुठल्याच गडासारखा दिसत नसे. आता बाजारात तयार किल्ले मिळतात, बुरुज-दरवाजासकट. घरी न्यायचा, मावळे मांडायचे, झालं. जिथे किल्ला अजून हाताने होतो तिथेही स्पर्धा लागली की बाप पुढे सरसावतो. बक्षीस घ्यायला पोरगा जातो आणि बालेकिल्ल्याचा उतार कसा साधला हे मात्र बापच सांगत असतो. नाताळच्या झाडाचं आज जे चाललं आहे ते याच वळणाचं, त्यामुळे हा प्रश्न एका धर्माच्या सणाचा धरू नये. सण मुलांचा म्हणायचं आणि करणी सगळी मोठ्यांची, हे आपल्याकडे सर्वत्र झालं आहे.

त्यावरून दुसरा एक वाद निघतोच. पुण्या-ठाण्यातल्या, न्यू जर्सीतल्या हिंदू मराठी घरांनी मुलांच्या हट्टापायी झाड आणावं का? आणणाऱ्यांना आपली संस्कृती सोडली म्हणून टोमणे, आणि आमच्यातलेही काही म्हणतात, झाडाच्या झगमगाटात गोठा मागे पडला. मला यात फार दम वाटत नाही. शेजारच्या घरातलं झाड बघून मूल हरखलं आणि त्याने तसं मागितलं, यात बाटण्यासारखं काय आहे? आमची मुलंही शेजारच्या अंगणात आकाशकंदील बघून हट्ट धरतात. मला खटकतं ते इतकंच की शेजाऱ्याच्या घरातलं झाड न उचलता आपण मॉलमधलं उचलतो. त्याच मापाचे गोळे, तीच दोरंगी योजना, तीच खोटी गुंडाळलेली रिकामी खोकी झाडाखाली. त्या खोक्यांत काही नाही हे पहिल्या दिवशी मुलाला कळतं.

प्लास्टिकचं काय, हे विचारलं जाईल आणि विचारायलाच हवं. घडीची झाडं बहुतेक पीव्हीसीची, ती कुजत नाहीत. एकदा घेतलं तर वर्षानुवर्षं तेच वापरणं हाच त्यावर इलाज. नर्सरीत ख्रिसमस ट्री म्हणून कुंडीतली अरोकेरिया मिळते, ती जगवता येते, फक्त तिच्या कोवळ्या फांद्यांवर जड काही टांगू नये. सुटी प्लास्टिकची चमकी युरोपीय संघाने ऑक्टोबर 2023 पासून विकायला बंदी केली, कारण तिचे कण कायमचे मातीत आणि पाण्यात राहतात. आपल्याकडे ती अजून पुड्यांतून मिळते. मी ती घरात आणत नाही. पण इथे एक सांगायलाच हवं. पर्यावरणाच्या नावाने हल्ली जे अभिरुचिसंपन्न झाड सजवतात ना, तागाची दोरी, लाकडाच्या चकत्या, वाळवलेली संत्री, सगळं भुऱ्या रंगाचं, तेही मोठ्यांचंच झाड आहे. साडेतीन वर्षांच्या मुलाला भुरा रंग आवडत नाही. त्याला झगमगीत, भडक, दहा रंगांचं हवं असतं. चॉकलेटचे वर्ख साठवून दिले, जुन्या पत्रिकांची सोनेरी कडा कापून दिली, तर त्याची हौस भागते आणि विकत काही आणावं लागत नाही. पत्रिका तर आपल्याकडे ढिगाने पडलेल्या असतात, लग्नसराई आणि नाताळ बरोबरच येतात.

मुलांना नीट लावायला शिकवायचं नाही का, असं शिक्षक मंडळी विचारतात. शिकवा ना. गाठ मारायला शिकवा, कात्री धरायला शिकवा, उंच ठेवायचं असेल तर स्टुलावर कसं चढायचं आणि तेव्हा कुणी धरायचं तेही शिकवा. समतोलाचा धडा मात्र मुलांना पाहिजे तेव्हा ती मागतील. पाच-सहा वर्षांची झाली की मुलं स्वतःच मागे सरून, मान तिरकी करून बघायला लागतात आणि मग आपल्यालाच सांगतात की वर तुम्ही लावलेलं वाकडं आहे. शाळांत तर उलटंच दिसतं. बालवर्गाच्या नावाने जे झाड उभं असतं त्यावर तीस एकसारखे बर्फाचे कण, सगळे एकाच हाताने कापलेले. तो हात कुणाचा ते प्रत्येक पालकाला कळतं. त्या बाईंना मी दोष देत नाही; त्यांच्या डोक्यावर पाहणीला येणारे वरिष्ठ आणि मोबाइल घेऊन येणारे पालक असतात. झाड चांगलं दिसलं नाही तर बोल त्यांनाच लागणार. तेव्हा बदल पालकांच्या नजरेतच व्हायला हवा, आणि पालकसभेत एकाने जरी म्हटलं की आम्हाला वाकडंतिकडं चालेल, तरी बाईंचे दोन दिवस वाचतील.

धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चच्या परिसरात, आणि सोसायट्यांत आता झाडांच्या, गोठ्यांच्या स्पर्धा असतात. परीक्षक येतात, कागदावर गुण मांडतात: कल्पकता, स्वच्छता, रोषणाई. मुलांचा वेगळा गट काढतात आणि त्याला कोपऱ्यातलं टेबल देतात. वेगळा गट नको. मुख्य झाडाचाच चार फुटांखालचा भाग मुलांना द्यावा, प्रत्येकाने घरून एक वस्तू आणून तिथे अडकवावी, मग तो मोजा असो की चिमटा, आणि परीक्षकांनी तो भाग मोठ्यांनी नंतर नीट केलेला आढळला तर गुण कापावेत. सोसायटीतली दोरी काढावी, त्यामुळे मुलांवर खेकसण्यातून वॉचमनही सुटेल. चार-दोन गोळे खाली येतील, झाडलोट रोज होतेच. शिवाय डेकोरेटरला झाडाच्या फक्त वरच्या भागाचे पैसे द्यावे लागतील, आणि वार्षिक सभेत निदान या मुद्द्यावर तरी कुणी हरकत घेणार नाही.